एका ग्राहकाची केबल

११ फेब्रु. २००८, सोम.
फंडवाल्यांची मेल आली. 'वळचण' आवडली. गावातल्या माणसांचे, गावातल्या बोलीत, गावातल्या कामांचे व्हिडिओ इंटरनेटवर, ही कल्पना तर फारच आवडली. पैसे घालायला तयार आहेत. फक्त एक कागद हवा: इंटरनेटवर व्हिडिओ दाखवायला सरकारने परवाना दिल्याचा. त्यांच्या वकिलाचा आग्रह.
असा परवाना या देशात नसतोच, हे मी दोनदा कळवलंय. उत्तर: मग नसतो असं सरकारकडून लिहून आणा.
हिंजवडीची नोकरी सोडून आठ महिने झाले. परभणीला बाबांना अजून सांगितलेलं नाही. सांगेन, हे फंडाचं एकदा झालं की.

२० फेब्रु., बुध.
आठवडाभर फोन. दूरसंचारवाले म्हणतात, व्हिडिओ आमच्याकडे येत नाही, माहिती खात्याला विचारा. माहिती खातं म्हणतं, इंटरनेट आमच्याकडे येत नाही, दूरसंचारला विचारा. तिसऱ्या ठिकाणी एक बाई भेटल्या. सिनेमा आहे का? नाही. वर्तमानपत्र? नाही. "मग कुणी विचारत नाहीये तोवर गप चालवा की." आठवड्यातलं सगळ्यात शहाणं उत्तर. पण तेवढं लिहून द्या म्हटलं तर बाईंनी फोन ठेवला.
दुपारी आंबेटेकला, मिलिंदच्या स्टुडिओत. स्टुडिओ म्हणजे रस्त्याकडेची पत्र्याची खोली, आत एक कॉम्प्युटर आणि लग्नाच्या अल्बमचे गठ्ठे. दहा वर्षं तो पौड-मुळशीतली लग्नं शूट करतोय. 'वळचण'चा निम्मा मालक तोच. कॅमेरा त्याचा, साइट माझी. आंबेटेकला वीजच अर्धा दिवस नसते, इंटरनेटचं नावच नको. तो टेप देतो, मी हिंजवडीजवळ चांद्याला, माझ्या भाड्याच्या खोलीतून साइटवर चढवते.
मि.ने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, पोस्टात जाऊ.
त्याचा एक मित्र केबल चालवतो. केबलवाल्यांची नोंदणी मोठ्या पोस्टात होते. फॉर्म भरायचा, फी भरायची, वर्षभराचं प्रमाणपत्र मिळतं. गोल शिक्क्यासकट.
"आपली केबल कुठाय?" मी.
"जोडू की," मि. "त्येंना सरकारचा शिक्का पायजे. कसला, ते कुटं म्हनलेत?"
मी हसले. बसमध्ये बसेपर्यंत पटलंही होतं.

३ मार्च, सोम.
फॉर्म भरला. कंट्रोल रूम कुठे, वायर कुठून कुठे जाते, ग्राहक किती. मी मि.ला बजावलं, खोटं एक अक्षर लिहायचं नाही. म्हणून आधी वायर टाकली.
स्टुडिओच्या खिडकीतून निघून, शेवग्याला गाठ मारून, बोळ ओलांडून समोरच्या घरात. चाळीस फूट. समोरचं घर मि.च्या आईचं. केसरबाई, मी मावशी म्हणते. स्टुडिओतल्या प्लेयरमध्ये मि.ने सीडी टाकली आणि मावशींच्या टीव्हीवर 'वळचण' दिसायला लागली. भात लावणीचा भाग. मावशी त्यात स्वतःच वाकून लावणी करताना दिसल्या. टीव्हीकडे पाठ करून बसल्या थोडा वेळ. मग वळून शेवटपर्यंत बघितलं.
ग्राहक: एक. वर्गणी: चहा. फॉर्ममध्ये 'एक' एवढंच लिहिलं.

१० मार्च, सोम.
प्रमाणपत्र हातात. 'वळचण केबल नेटवर्क, मु. आंबेटेक, ता. मुळशी.' स्कॅन करून धाडलं. तासाभरात फंडवाल्यांचं उत्तर: उत्तम, वकील समाधानी, जुलैत करार.
इतके दिवस खरं सांगत होते, तर कुणाचं समाधान होईना. आज एका वायरीवर झालं. मि.ने प्रमाणपत्राला प्लास्टिक चढवून भिंतीवर ठोकलं, लग्नाच्या फोटोंच्या मधोमध.

१ मे, गुरु.
आंबेटेकची ग्रामसभा, शाळेच्या पटांगणात. मि. कॅमेरा घेऊन, मी माइक धरून.
आधी हजेरीचं रजिस्टर फिरलं. बाया नेहमीप्रमाणे सह्या, अंगठे करत गेल्या. मग विषय निघाला: गावचं गायरान एका कंपनीला द्यायचं. शनिवार-रविवारच्या बंगल्यांची स्कीम. रस्ता होईल, पोरांना कामं मिळतील, वगैरे. गायरानावर खालच्या आळीच्या शेळ्या चरतात, सरपण तिथलंच, आणि खालच्या अंगाला त्यांचं स्मशान आहे. मि.च्या वडिलांना तिथंच नेलं होतं.
हात वर करा म्हणाले. द्यायच्या बाजूने पुढच्या सतरंजीवरचे. विरुद्ध म्हटल्यावर मागून सगळ्या बायांचे हात वर आले, आणि बऱ्याच गड्यांचेही. मि.ने घाई केली नाही. एकेका हातावरून, एकेका तोंडावरून कॅमेरा सावकाश नेला. लग्नात आहेराच्या रांगेवरून नेतो तसाच.
ग्रामसेवक म्हणाले, झालं, बसा, सह्या तर तुमच्या आधीच झाल्यात. तेव्हा मावशी उठल्या.
"म्या सही केली ती हजेरीची. गायरान द्यायाची न्हवं."
एवढंच बोलून बसल्या. 

५ मे, सोम.
नऊ मिनिटांचा भाग चढवला. काटछाट नाही, मागे संगीत नाही. मि.ला आईच्या वाक्यानंतर तबला टाकायचा होता. भांडण. तबला नाही.
आखातात कामाला गेलेल्या कुणीतरी खाली लिहिलंय: डावीकडून तिसरी माझी आत्या.

२७ मे, मंगळ.
ठरावाची नक्कल मिळाली. 'उपस्थितांच्या सर्वानुमते मंजूर. सोबत उपस्थितांच्या सह्या.' सोबत जोडलंय ते हजेरीचं रजिस्टर. मावशींची सही त्यात अकरावी.
दिवसभर डोकं तापलेलं. सर्वानुमते! पन्नास हात हवेत होते, ते काय माश्या हाकलायला?
मावशी आणि आणखी तेरा जणी वरच्या साहेबांकडे अपील करणार. मि. आणि मी अर्ज लिहून दिला. पुरावा म्हणून एकच गोष्ट आहे, आमची नऊ मिनिटं. टेप आहेच, पण टेप एका कपाटात असते आणि कपाटं उघडली जातात. साइटवरचं सगळ्यांना दिसतं. म्हणून इथे लिहून ठेवते: सुनावणी होईपर्यंत हा व्हिडिओ उतरणार नाही. कुणी सांगितलं तरी.

१२ जून, गुरु.
सांगितलं.
केबल वाहिन्यांवर लक्ष ठेवणारी एक समिती असते म्हणे. तिचं पत्र. 'चालक, वळचण केबल नेटवर्क' यांना. आपल्या केबलवरून ग्रामसभेचे विपर्यस्त वृत्त दाखवून गावातील शांतता बिघडवली जात असल्याची तक्रार आली आहे, सबब सदर केबल नेटवर्कवरील प्रक्षेपण पत्र मिळताच बंद करावे, अन्यथा सामग्री जप्त करण्यात येईल.
तीन महिन्यांपूर्वी आम्हाला पत्र कुठल्या कायद्याने पाठवायचं हे कुणालाच माहीत नव्हतं. आम्ही स्वतः पोस्टात गेलो, रांगेत उभे राहिलो, फी भरली आणि त्यांना पत्ता दिला. हिंदुस्थानात इतकी कायदेशीर गाढवं दुसरी नसतील.
मि. भिंतीवरच्या प्लास्टिककडे बघत बसला. म्हणाला, चूक त्याची. चूक दोघांची आहे. सही माझी आहे.

१३ जून, शुक्र.
समितीच्या कचेरीत गेले. खिडकीमागचे कारकून, वय साठीकडे झुकलेलं, अंगात स्वेटर. उद्धट नव्हते, हे लिहायला हवं. खुर्ची दिली.
मी म्हटलं, तो व्हिडिओ केबलवर नाही, इंटरनेटवर आहे. तुमचं पत्र आम्हाला लागू नाही.
ते म्हणाले, इंटरनेट तरी कशातून येतं? वायरीतूनच ना?
मी म्हटलं, ती वायर माझी नाही.
त्यांनी फाइल उघडून माझाच फॉर्म माझ्यापुढे ठेवला. "तुम्ही केबलचालक आहात की नाही, एवढं सांगा. असाल तर हुकूम पाळा. नसाल तर फॉर्ममध्ये खोटं लिहिलंत, त्याची वेगळी केस होईल." मग आवाज खाली आणून म्हणाले, "कशाला वाढवता? तेवढा एक भाग काढा. बाकी तुमचं भातलावणी, भजन खुशाल चालू द्या. मी पण मिटलं म्हणून शेरा मारतो."
पुढच्या आठवड्यात सांगते म्हणून उठले. त्यांनी वाईट सल्ला दिला असं वाटत नाही. त्यांच्या जागी मी असते तर हाच दिला असता. म्हणून जास्त राग आला.

१६ जून, सोम.
फंडवाल्यांना कुणी कळवलं कोण जाणे. फोन. एका भागासाठी कंपनी धोक्यात घालणं व्यवहाराला धरून नाही. तो भाग काढा, करार पुढच्या महिन्यात ठरल्याप्रमाणे. नाहीतर त्यांना पुनर्विचार करावा लागेल.
करा म्हटलं. इतक्या सहज म्हटलं की माझं मलाच नवल वाटलं. दोन वर्षं हेच स्वप्न होतं. एक ऑफिस, चार कॅमेरे, तालुक्या-तालुक्यात एक मिलिंद. रडू आलं, रडून घेतलं.
मग कारकुनांचा प्रश्न पुन्हा समोर घेऊन बसले. चालक आहात की नाही. आणि एकदम लक्षात आलं की आम्ही खोटं लिहिलेलंच नाही. वायर आहे. ग्राहक आहे. आम्ही केबलचालक आहोत, अगदी अस्सल. मग हुकूम पाळायला काय हरकत आहे? पत्र पुन्हा काढलं. 'सदर केबल नेटवर्कवरील प्रक्षेपण बंद करावे.' करते.

१८ जून, बुध.
हुकूम पाळला. दोन पंच बोलावले, शाळेचे गुरुजी आणि पिठाच्या गिरणीवाले. मि.ने कॅमेरा लावला. मी पंचनामा वाचून दाखवला: समितीच्या आदेशानुसार वळचण केबल नेटवर्कचे प्रक्षेपण आज सकाळी अकरा वाजता कायमचे बंद करण्यात येत आहे. एकूण केबल चाळीस फूट, एकूण ग्राहक एक.
मि.ने शेवग्यावर चढून पक्कड लावली. मावशींच्या टीव्हीवर मुंग्या आल्या. पाऊस होता, वेटोळं करताना वायर हातातून निसटत होती.
मावशींना हे आवडलं नाही. आम्हाला वाटलं होतं हसतील. त्या म्हणाल्या, "तुमची भांडनं तुमी भांडा. माझं का तोडलं?"
खरंच त्यांना कुणीच विचारलं नव्हतं. आम्हीसुद्धा.

१९ जून, गुरु.
कचेरीत पंचनामा, पत्र आणि वायरीचं वेटोळं. जप्तीच्या त्रासातून सरकारला वाचवावं म्हणून सामग्री स्वतः आणली, असं पत्रात लिहिलंय. शेवटची ओळ: इंटरनेटवरील व्हिडिओबाबत आपल्या आदेशात उल्लेख नसल्याने तो जागच्या जागी आहे.
कारकुनांनी चष्मा पुसला. दोनदा वाचलं. वेटोळं घ्यायचं की नाही, घेतलं तर कुठल्या रजिस्टरात, यावर आत जाऊन आले. शेवटी घेतलं. पोच दिली. देताना म्हणाले, "बाई, हे चालेल असं वाटत नाही."
मलाही वाटत नाही, म्हटलं. पण कुणीतरी लिहून सांगायला हवं ना, की नाही चालत.

२२ जुलै, मंगळ.
मावशींनी अर्ज केलाय. आमच्या वतीने नाही, आमच्याविरुद्धही नाही. ग्राहक म्हणून. "गिऱ्हाईक म्या. माझं बंद केलं, मला कुनी इचारलं?" मि.ने लिहून दिला, त्यांनी सांगितला तस्साच. आवक क्रमांक मिळाला. उत्तर येणार नाही.
आणि दुसरी गोष्ट. मावशींना फक्त सही येते, 'केसर' एवढी तीन अक्षरं. आज मला म्हणाल्या, अजून दोन शब्द शिकव. कुठले ते त्यांचं ठरलेलं होतं. जुन्या लग्नपत्रिकेच्या पाठीवर काढून दिले. 'फ' जमत नाही. 'फ'ला शिव्या घालत गिरवतात.

१६ ऑगस्ट, शनि.
काल ग्रामसभा होती. दारात मि.ला अडवलं. केबल बंद आहे, मग कॅमेरा कशाला? मि. म्हणाला, लग्नाचं ट्रायल घेतोय. आत सोडलं नाही.
फंडवाल्यांचं शेवटचं पत्र: 'सध्याच्या नियामक परिस्थितीत' जमणार नाही, शुभेच्छा. त्या कागदाचा बोळा करून खिडकीच्या फटीत घातली. पाणी यायचं, ते थांबलंय.
बाबांना फोन केला. सगळं सांगितलं, नोकरी सोडल्यापासूनचं. त्यांनी एवढंच विचारलं, त्या बायांची सुनावणी कधी आहे?

९ डिसें., मंगळ.
पुन्हा हिंजवडीत. अर्धवेळ टेस्टिंग, दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायच्या. सकाळी तिथे, दुपारून 'वळचण'. मि. लग्नं करतोय. तुळशीचं लग्न झाल्यापासून एक दिवस मोकळा नाही. तरी आठवड्याला एक भाग जातोच. ग्रामसभेचा व्हिडिओ अजून पहिल्या पानावर. रोज सकाळी चहाआधी उघडून बघते, आहे ना.
सुनावणीची तारीख आली: ८ जानेवारी, पुण्यात.
मावशींचा 'फ' जमला. बाकीच्या तेराजणींना आता त्याच शिकवतात. मी गेले तेव्हा ओट्यावर कोळशाने काढलेलं होतं आणि एकीची नात मोठमोठ्याने चुका काढत होती.

८ जाने. २००९, गुरु.
हे नीट लिहायचंय.
पहिल्या एस.टी.ने निघालो. चौदाजणी, मि., मी. माझ्या पिशवीत लॅपटॉप, मि.च्या पिशवीत टेप, उगीच जोखीम नको म्हणून सीडीही.
साहेबांच्या दालनात शिरायच्या आधी शिपायाने रजिस्टर पुढे केलं. सह्या करा म्हणाला.
मावशींनी पेन घेतलं नाही. मला म्हणाल्या, वरचं वाच. वाचलं: 'दि. ८ जानेवारी, सुनावणीस उपस्थित.' बास एवढंच? एवढंच. मग त्या खाली बसल्या, रजिस्टर मांडीवर घेतलं आणि लिहायला लागल्या. शिपाई म्हणाला, सही करा नुसती, बाकी काय लिहिताय? त्यांनी वर बघितलंही नाही. दोन शब्द, आणि मग खाली 'केसर'.
फक्त हजेरी.
मग पुढची. तिने तेच लिहिलं. मग तिसरी. चौदाजणी, एकेक अक्षर. आतून दोनदा घंटी वाजली. दुसऱ्या बाजूचे वकील घड्याळ बघत होते. शेवटी साहेब स्वतः दारात आले, काय चाललंय बघायला. रजिस्टर बघितलं. पानभर तेच दोन शब्द, वेडेवाकडे. दार धरून उभे राहिले, शेवटची होईपर्यंत.
आत व्हिडिओ लावला. नऊ मिनिटं साहेबांनी मान हलवली नाही. मावशींच्या वाक्याला मि.ने खाली बघितलं. वकील म्हणाले, हे चित्रण ज्यांचं प्रक्षेपण बंद करण्याचा हुकूम आहे अशांचं आहे, ग्राह्य धरू नये. मी कचेरीची पोच पुढे ठेवली: चाळीस फूट वायर जमा. साहेबांच्या ओठाचा एक कोपरा हलला असेल, नसेलही.
निकाल राखून ठेवलाय. कळवतील.
बाहेर व्हरांड्यात एका कारकुनाने नाव विचारलं आणि लिफाफा दिला. यावेळी चूक नाही. विषय: 'वळचण' हे संकेतस्थळ. केबलचा उल्लेखही नाही. इंटरनेटचा कायदा गेल्याच महिन्यात दिल्लीत बदललाय, पेपरात आलं होतं. तो अजून लागूही नाही, पण यांनी वाचलाय असं दिसतं. ग्रामसभेचा व्हिडिओ काढून का टाकू नये, याचा खुलासा सात दिवसांत करावा. शेवटी आम्ही कोण हे त्यांना कळलं. आता वेटोळं करून नेऊन देण्यासारखं माझ्याकडे काहीच नाही.
पत्र दोनदा वाचलं. मि. म्हणाला, ताई, बसा जरा. मावशींनी विचारलं, काय हाय त्यात? सांगितलं. "काढनार हायस?" नाही म्हटलं.
कारकून वही पुढे करून उभा होता. मिळाल्याची सही हवी. मी पेन घेतलं. चौदाजणी बघत होत्या.
सही केली. त्याच्या वर लिहिलं: फक्त पोच.